जवानाला बोलता येत नाही, म्हणून आपण बोलायचे

२७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी श्रीनगरजवळ बडगाममध्ये हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. आदल्या दिवशी बालाकोटची कारवाई झाली होती. त्या सकाळी पाकिस्तानी विमाने नियंत्रण रेषेवर चालून आली होती आणि आकाशात धुमश्चक्री सुरू होती. हेलिकॉप्टरमधले हवाई दलाचे सहा जण गेले, खाली जमिनीवर असलेला एक स्थानिक माणूसही गेला. त्या सहांपैकी एक स्क्वाड्रन लीडर आपल्या नाशिकचा होता.

ते हेलिकॉप्टर शत्रूने पाडले नव्हते. श्रीनगरच्या तळावरून सुटलेल्या आपल्याच क्षेपणास्त्राने ते पाडले होते. देशाला हे अधिकृतपणे कळले ४ ऑक्टोबर २०१९ रोजी, नवे हवाई दलप्रमुख आर. के. एस. भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत ही आपली मोठी चूक होती, असे स्वच्छ सांगितले तेव्हा. मधल्या सात महिन्यांत लोकसभेची निवडणूक होऊन गेली. त्या निवडणुकीच्या सभांमध्ये बालाकोटचा जयजयकार झाला, मते मागितली गेली, आणि त्याच धुमश्चक्रीत आपलीच सात माणसे आपल्याच हातून गेली, याबद्दल अधिकृत चकार शब्द नव्हता. पत्रकार विचारत होते, बातम्या झिरपत होत्या, आणि उत्तर एकच मिळत होते: चौकशी चालू आहे.

भदौरियांच्या कबुलीने हवाई दलाची मान खाली गेली, असे मला कधीच वाटले नाही. उलट त्या दिवशी त्या दलाबद्दलचा आदर वाढला. मग हीच गोष्ट सात महिने आधी सांगायला कुणाची आडकाठी होती? युद्धाच्या घाईगर्दीत आपले आणि परके यांत गल्लत होणे ही जगातल्या प्रत्येक सैन्यावर आलेली आपत्ती आहे. ती टाळण्याचा उपाय म्हणजे यंत्रणा कुठे चुकली, कुणाचा निरोप कुणापर्यंत पोचला नाही, हे उघडपणे तपासणे. हा तपास लांबला की पुढच्या वैमानिकाच्या जिवाशी खेळ होतो. नाशिकच्या त्या घरात सात महिने काय गेले असतील, याचा विचार केला तरी गलबलून येते. आपल्या माणसाचे काय झाले, हे विचारण्याचा पहिला हक्क त्यांचा होता.

लष्करावर उघड टीका करावी का, हा प्रश्न आपल्याकडे निघाला की लगेच आवाज चढतात. ‘ते सीमेवर उभे आहेत म्हणून तुम्ही घरी सुखाने झोपता’ हे वाक्य तर आता कुठल्याही प्रश्नावर फेकून मारले जाते. ते खोटे नाही. पण जो माझ्यासाठी उभा आहे, त्याच्या अंगावर कोट आहे की नाही, त्याच्या बंदुकीला पुरेसा दारूगोळा आहे की नाही, त्याला चुकीचा हुकूम देणाऱ्याला कुणी जाब विचारतो की नाही, हे पाहायचे कुणी? तो स्वतः पाहू शकत नाही, आणि पाहिले तरी सांगू शकत नाही. हा केवळ शिस्तीचा संकेत नाही, राज्यघटनेतच तशी तरतूद आहे. कलम ३३ नुसार सैन्यदलांतल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला आहे. त्याच आधाराने लष्कराचे नियम जवानाला वर्तमानपत्रात लिहायला, संघटना काढायला, सभेत बोलायला मनाई करतात. गिरणी कामगार संप करू शकतो, एसटीचा वाहक आझाद मैदानात बसू शकतो, अंगणवाडी सेविका मोर्चा काढू शकतात. जवान यातले काहीही करू शकत नाही. सैन्याला शिस्त हवी, म्हणून आपणच त्याचे तोंड कायद्याने बंद केले, आणि ते योग्यच आहे असे मी मानतो. पण त्याचा आवाज काढून घेतला, तर त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी घेणाऱ्यांवरच येते. संसदेवर, वर्तमानपत्रांवर, न्यायालयांवर आणि तुमच्या-माझ्यावर.

ही जबाबदारी पार पाडायला गेले की काय होते, ते २०१७ मध्ये देवळालीत दिसले. साहेबांची कुत्री फिरवणे, मुले शाळेत सोडणे, अशी घरगडी म्हणून कामे अधिकाऱ्यांच्या दिमतीला दिलेल्या ‘सहायक’ जवानांना करावी लागतात, हे एका पत्रकाराने छुप्या कॅमेऱ्याने दाखवले. त्यात दिसलेला केरळचा एक तरुण जवान काही दिवसांनी तिथल्या एका पडक्या बराकीत मृतावस्थेत सापडला. पुढे गुन्हा दाखल झाला तो कुणावर? त्या पत्रकारावर आणि मदत करणाऱ्या एका माजी सैनिकावर, तोही शासकीय गुपिते कायद्याखाली. अधिकाऱ्याच्या घरची कामे हे राष्ट्राचे गुपित कसे, हे मला आजवर कळलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा २०१९ मध्ये रद्द केला. सहायक पद्धत बंद करावी, असे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने त्याच्या किती तरी आधी, २००८ मध्येच सांगितले होते. नौदल आणि हवाई दल ही पद्धत नसताना उत्तम चालतात. त्या पोराच्या व्यथेला वाट मिळायला एक तरी उघडे दार असते, तर कदाचित तो आज असता.

मराठी माणसाला तर या सगळ्याचा एक जुना धागा विसरून चालणार नाही. तो यशवंतराव चव्हाणांपाशी जातो.

२० ऑक्टोबर १९६२ ला आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या नामका चू नदीच्या काठावर चिनी सैन्य तुटून पडले तेव्हा आपल्या सातव्या ब्रिगेडचे जवान सुती कपड्यांत होते. डोंगरातल्या थंडीची सवय नाही, तोफांचा पुरेसा आधार नाही, मोजक्या गोळ्या. त्या आघाडीचे कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल आजारी पडून दिल्लीला आले होते आणि घरातल्या पलंगावरून आघाडीला हुकूम देत होते. उंटावरून शेळ्या हाकणे याहून वेगळे काय असते! ज्या जागी ब्रिगेड ठेवली होती ती लढायला योग्य नाही, हे प्रत्यक्ष तिथे असलेले अधिकारी ओरडून सांगत होते. त्यांचे कुणी ऐकले नाही. जवान मात्र शेवटच्या गोळीपर्यंत लढले.

तेव्हाची एक गोष्ट आज मुद्दाम सांगावीशी वाटते. युद्ध पेटलेले असताना संसदेचे अधिवेशन बोलवा, अशी मागणी तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयींनी केली आणि पंतप्रधान नेहरूंनी ती मानली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. शत्रू ईशान्येत घुसलेला असताना खासदारांनी सरकारच्या संरक्षण धोरणाचे वाभाडे काढले, दीडशेहून अधिक सदस्य बोलले. सगळे छापून देशभर गेले. त्याने जवानांचे मनोबल खचले, असे कुणी म्हणाले नाही. वाजपेयींना कुणी पाकिस्तानला किंवा चीनला पाठवायला निघाले नव्हते. युद्ध चालू असताना प्रश्न विचारायचे नसतात, हा आजचा दंडक त्या पिढीला ठाऊक नव्हता.

तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले आणि नोव्हेंबरमध्ये हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांच्या काळात लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी पराभवाची चौकशी केली. भगत स्वतः व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, म्हणजे लढाई कशाशी खातात हे पुरते जाणणारा माणूस. त्यांनाही लष्करी मुख्यालयाच्या कारभारात फार खोलात शिरू नका, अशी कुंपणे घालून दिली गेली. तरीही अहवाल कडक झाला. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत त्याचे सार सांगितले: प्रशिक्षण डोंगरी लढाईचे नव्हते, साधनसामग्री कमी होती, आणि कनिष्ठ अधिकारी सर्वसाधारणपणे ठीक होते, पण जसजसे वर जावे तसतशा उणिवा ठळक होत गेल्या. एका संरक्षणमंत्र्याने एवढे सभागृहात उभे राहून सांगणे ही मोठीच गोष्ट होती. पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहिल्या, सैन्याचा विस्तार झाला, यशवंतरावांचे ते श्रेय कुणी नाकारू नये.

पण मूळ अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला नाही. आणि त्यांच्यानंतर आलेल्या एकाही संरक्षणमंत्र्याने केला नाही, मग तो काँग्रेसचा असो, जनता पक्षाचा असो की भाजपचा. विरोधी बाकांवरून अहवाल मागायचा आणि सत्तेवर आले की कपाटाला कुलूप लावायचे, यावर सर्वांचे एकमत. २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनींनी संसदेत सांगितले की त्यातला मजकूर आजही लष्करी दृष्ट्या महत्त्वाचा आहे. चार वर्षांनी ऑस्ट्रेलियन पत्रकार नेव्हिल मॅक्सवेलने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकून दिला. म्हणजे बीजिंगमध्ये तो वाचता येतो, इस्लामाबादमध्ये वाचता येतो, आणि ज्या साताऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पोरे पाठवली त्या साताऱ्यातल्या वाचनालयाला आपल्या सरकारकडून तो अधिकृतपणे मिळत नाही. मग हे गुपित नेमके कुणापासून राखले आहे?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असा सगळा हिशेब आहे. पण झाकलेल्या मुठीत काय आहे ते शत्रूला ठाऊक असते. चीनला १९६२ मध्ये आपल्या जवानाच्या अंगावर काय कपडे आहेत हे दिसत होते. ते फक्त आपल्याला दिसत नव्हते.

याच्या अगदी उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. कारगिलचे युद्ध जुलै १९९९ मध्ये संपले आणि त्याच महिन्यात संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. घुसखोरी कळली कशी नाही, गुप्तवार्ता यंत्रणा एकमेकींशी बोलत का नव्हत्या, हे त्यांनी लिहिले. काही भाग वगळून तो अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला, पुस्तकरूपाने बाजारात मिळू लागला. आकाश कोसळले नाही. उलट त्या चर्चेतूनच संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली, आणि तिन्ही दलांचा एक प्रमुख असावा ही सूचना वीस वर्षे रेंगाळून का होईना, १ जानेवारी २०२० ला अमलात आली. समितीच्या सगळ्या निष्कर्षांशी सहमत असायची गरज नाही. वरिष्ठांना तिने सौम्यपणे घेतले, अशी तक्रार अनेक माजी अधिकाऱ्यांनी केली. पण तक्रार करता आली, कारण अहवाल हातात होता.

त्याच कारगिलमधली एक गोष्ट पांघरुणाखाली राहिली होती. बटालिक भागात लढलेले ब्रिगेडियर देविंदर सिंह यांच्या कामगिरीचे अहवाल त्यांच्या वरिष्ठांनी फिरवले, असा त्यांचा दावा होता. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने मे २०१० मध्ये तो मान्य केला आणि लष्कराच्या नोंदीतला युद्धाचा इतिहास दुरुस्त करायला सांगितले. म्हणजे ५२७ जणांनी प्राण दिलेल्या युद्धाची अधिकृत हकीगत अकरा वर्षे चुकीची होती! एक ब्रिगेडियर इतकी वर्षे झगडू शकला. एखादा हवालदार झगडू शकला असता का?

लष्कराची स्वतःची चौकशी असतेच की, असे म्हटले जाते. असते. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, आणि अनेकदा कडक शिक्षाही होतात. पण ती चौकशी त्याच हुकमाच्या साखळीतली माणसे करतात, आणि तिचा निष्कर्ष बाहेर येत नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. आसपासच्या गावांतले लोक अंधारात घरे सोडून पळाले. १९ जण गेले, त्यात दोन अधिकारी होते आणि बहुतेक जण आग विझवायला धावलेले होते. रणगाडाविरोधी सुरुंगांमधून स्फोटक पाझरत होते, अशा बातम्या नंतर आल्या. संपूर्ण अहवाल जनतेपुढे आला नाही. अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, त्याच पुलगावला जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यात आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. लष्करी दारूगोळ्याच्या पेट्या रोजंदारीवरच्या गावकऱ्यांच्या डोक्यावर! हे कुणी ठरवले, कंत्राट कुणाचे, सुरक्षेचे नियम कोणते, हे वर्ध्याच्या माणसाने विचारले तर त्यात देशद्रोह कुठे आला? जो पहिल्या आगीचा अहवाल मागत होता, तो दुसरा स्फोट टाळायलाच मागत होता.

दारूगोळ्याचाच विषय निघाला आहे तर ‘कॅग’ची, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांची, गोष्टही सांगायला हवी. घनघोर युद्धाचे ४० दिवस पुरेल इतका साठा असावा, असा दंडक. कॅगने २०१५ मध्ये सांगितले की निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणार नाही. गदारोळ झाला. २०१७ च्या अहवालातही १५२ पैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या खाली होते. त्या वर्षी लष्कराच्या उपप्रमुखांना दारूगोळा थेट खरेदी करण्याचे आर्थिक अधिकार मिळाले. उघड्यावर बोभाटा झाला म्हणून फाइल हलली, असे मी म्हणेन. फेब्रुवारी २०२० च्या अहवालात सियाचीन-लडाखच्या जवानांचे बर्फाचे चष्मे, बूट आणि आहार यांतल्या तुटीचा तपशील होता, आणि लष्कराला आता परिस्थिती सुधारली आहे असा खुलासा करावा लागला. खुलासा करावा लागणे, हेच तर हवे असते. पण या अहवालांची आज काय स्थिती आहे? संरक्षणविषयक अहवाल संसदेत मांडले जातात, पण ते संकेतस्थळावर टाकायचे नाहीत असे कॅगनेच ठरवले. ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांचे संरक्षण अंदाजपत्रक २०२५-२६ मध्ये मंजूर होते, आणि त्याचा तपासनीस आपली टिपणे लोकांपासून दूर ठेवतो. हे मला कुठल्याही घोटाळ्याइतकेच गंभीर वाटते.

आतापर्यंत मी जवानाच्या बाजूने बोललो. पण बंदुकीच्या दुसऱ्या टोकालाही माणूस असतो, आणि त्याच्याबद्दल बोलणे अधिक कठीण आहे, म्हणून अधिक गरजेचे आहे. जुलै २०२० मध्ये काश्मीरच्या शोपियाँ जिल्ह्यात अमशीपोरा इथे तीन अतिरेकी मारल्याची घोषणा झाली. मृतदेह ओळखीविना लांब नेऊन पुरले गेले. काही आठवड्यांनी त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरली आणि राजौरीतल्या तीन घरांनी आपली मुले ओळखली. ते मजुरीला गेलेले तरुण होते. समाजमाध्यमांवरच्या या माहितीची दखल घेऊन लष्कराने चौकशी केली, अधिकारांची मर्यादा ओलांडल्याचे मान्य केले आणि २०२३ मध्ये एका कॅप्टनला लष्करी न्यायालयाने जन्मठेप सुनावली. त्याच वर्षी न्यायाधिकरणाने ती शिक्षा स्थगित केली, तो पुढचा वाद. लष्कराने चौकशी केली, याचे श्रेय लष्कराला द्यायलाच हवे. पण ती छायाचित्रे बाहेर आली नसती तर ती तीन नावे आजही अतिरेक्यांच्या यादीत राहिली असती.

नागालँडमध्ये ४ डिसेंबर २०२१ ला ओटिंग गावाजवळ कोळसा खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या विशेष दलाने गोळीबार केला. त्यात सहा जण गेले, आणि त्यानंतरच्या उद्रेकात आणखी माणसे गेली, एक जवानही गेला. राज्याच्या पोलिसांनी ३० जणांवर आरोपपत्र ठेवले. केंद्राने खटल्याला परवानगी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण बंद केले. चूक हेतुपुरस्सर होती की गुप्तवार्तेची, हे खुल्या न्यायालयात ठरले असते तर दोषी नसलेल्या जवानांवरचा डागही धुऊन निघाला असता. आता डाग सगळ्यांवरच राहिला.

टीकेलाही मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. २६/११ ला ताज आणि नरिमन हाऊसबाहेरच्या वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर ताशेरे ओढले, आणि मुंबईकर म्हणून मला ते शब्दशः पटतात. चालू कारवाईचा तपशील, तुकडी कुठे आहे, खबर कुणी दिली, हे कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये. पण या कारणाचा आडोसा घेऊन जुन्या पराभवांचे अहवाल, आगीच्या चौकश्या, बुटांचे हिशेब आणि मेलेल्या मजुरांची नावे लपवणे हा नुसता कातडीबचावूपणा आहे. आणि ज्यांची कातडी वाचते, ते क्वचितच बर्फात उभे असतात.

‘तुम्हाला युद्धातले काय कळते?’ असेही विचारतात. नसेल कळत. पण सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाला तरी कळते ना? पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले आणि आजही तिथे घरटी माणूस फौजेत आहे. लष्करभरतीची ‘अग्निपथ’ योजना जून २०२२ मध्ये आली, ती या गावांना न विचारता आली. चार वर्षांची नोकरी, भरती झालेल्यांपैकी फार तर २५ टक्के पुढे कायम. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराचा सियाचीनवर मृत्यू झाला, वर्षभराने देवळालीत सरावात तोफगोळा फुटून दोन अग्निवीर गेले. त्यांच्या घरच्यांना नेहमीच्या जवानाच्या घराइतके निवृत्तिवेतन का नाही, हा प्रश्न संसदेत आणि संसदेबाहेर लावून धरला गेला, संरक्षणविषयक स्थायी समितीनेही समान लाभांची शिफारस केली. ज्यांनी हा आवाज उठवला त्यांना लष्कराचे विरोधक म्हणणाऱ्यांनी एकदा त्या बुलढाण्याच्या आईबापांसमोर बसून ते म्हणून दाखवावे.

महाराष्ट्रातून ४८ खासदार लोकसभेत जातात. त्यातल्या एकाने तरी पुढच्या अधिवेशनात तीन साध्या मागण्या लेखी कराव्यात. हेंडरसन ब्रुक्स अहवाल, परिशिष्टांसह, सरकारने स्वतः प्रसिद्ध करावा. कॅगचे संरक्षणविषयक अहवाल पुन्हा संकेतस्थळावर यावेत. आणि पुलगावच्या दोन्ही स्फोटांच्या चौकशीचा, संवेदनशील तांत्रिक भाग वगळून, गोषवारा सभागृहाच्या पटलावर ठेवावा. पहिली मागणी तर कराड-साताऱ्याच्या खासदाराने करावी, असे मला मनापासून वाटते. तो अहवाल कुलूपबंद झाला तेव्हा किल्ली यशवंतरावांच्या हाती होती, आणि त्यांच्याबद्दल मनात अपार आदर ठेवूनही सांगतो, ते कुलूप आता उघडायला हवे.